जोडचाक की एकेरी: बर्फातल्या लष्करी ट्रकच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ जुलै

विषयाला विभागाची मंजुरी मिळाली. पोरांनी अर्जावर लिहिलेलं शीर्षक चार ओळींचं होतं. ते छाटून मी एवढंच ठेवलं: भुसभुशीत बर्फात जड लष्करी ट्रकच्या मागच्या एक्सलला जोडचाक (म्हणजे एकेका बाजूला शेजारी शेजारी दोन टायर) बरं, की एकेरी रुंद चाक? विभागप्रमुखांनी विचारायचं तेच विचारलं, "संभाजीनगरात बर्फ कुठून आणणार?" पाण्याच्या टँकरवर काहीतरी करा, असंही सुचवून झालं. टँकरवरचे प्रकल्प अहवाल ग्रंथालयाच्या कपाटात आधीच दाटीवाटीने बसलेत, हे मी मनातच ठेवलं.

विषय काढला अंबाजोगाईच्या मुलीने. तिचा भाऊ लडाखला आहे. गटात बाकी परळीचा एक, जालन्याची एक आणि एक इथलाच, चिकलठाण्याचा. चौघांपैकी एकानेही पडणारा बर्फ पाहिलेला नाही. मीही नाही. मात्र कॉलेजच्या बसवर जे ड्रायव्हर काका आहेत ते सैन्याच्या पुरवठा दलात, म्हणजे एएससीत, हवालदार होते आणि झोजिला खिंडीवरून त्यांच्या गाड्या गेल्यात. खरं भांडवल तेच.

२६ जुलै

पोरांना जुनी उदाहरणं शोधायला लावलं होतं. परळीकराने चांगलं खोदलंय.

एकाच चॅसिसवर दोन्ही प्रकार करून पाहण्याचा उद्योग बऱ्याच सैन्यांनी केला आहे. अमेरिकेचा अडीच टनी ट्रक घ्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे दोन भाऊ निघाले. एम-३४ ला मागे ११.००-२० ची (म्हणजे अकरा इंच रुंद, वीस इंची रिमवरची) एकेरी चाकं, एम-३५ ला ९.००-२० ची जोडचाकं. एकेरीवाला सहा टायरी, जोडवाला दहा टायरी. पुढची कित्येक दशकं चलती राहिली ती एम-३५ ची. माल जास्त घेतो, रस्त्यावर एखादं टायर फुटलं तरी बाजूचं दुसरं तोल धरतं. जर्मन सैन्याच्या मॅन ६३० मध्येही हीच जोडी: एल-२-ए ला ११.००-२० ची जोडचाकं, एल-२-एई ला १४.००-२० ची एकेरी. आपला शक्तिमान याच कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनायचा, हे कळल्यावर काका खूश झाले.

सर्वांत बोलकं उदाहरण मात्र रशियाचं. झिस-१५१ हा ट्रक १९४८ मध्ये आला, मागे ८.२५-२० ची जोडचाकं घेऊन. चिखलात आणि बर्फात त्याची ख्याती वाईट. १९५८ पासून त्याच्या जागी झिल-१५७ आला. त्याला सगळीकडे १२.००-१८ ची एकेरी चाकं, पुढच्या आणि मागच्या चाकांची चाकोरी एकच, आणि ड्रायव्हरला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येईल अशी नळ्यांची व्यवस्था. तिथून पुढे झिल-१३१ असो, उरल असो की क्राझ-२५५, त्या घराण्याने जोडचाकाकडे वळून पाहिलं नाही.

बसल्या जागेवरून हवा बदलायची युक्ती त्याआधी अमेरिकनांनी दुसऱ्या महायुद्धात डक या पाण्यातही चालणाऱ्या ट्रकला लावली होती. ती किनाऱ्यावरच्या वाळूसाठी. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेनेही एम-३५ ची ए-३ आवृत्ती काढली तेव्हा मागे एकेरी रेडियल टायर आणि हवेची तीच व्यवस्था दिली.

म्हणजे निकाल लागलेलाच आहे, मग प्रकल्प कशाला, असं जालन्याच्या मुलीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. कुणी काय केलं ते कळलं, का केलं ते आपल्याला आकड्यात आणि डोळ्यांनी बघायचंय, असं उत्तर दिलं. तिचं समाधान झालेलं दिसलं नाही, आणि तसंच असलेलं बरं.

५ ऑगस्ट

आज फळ्यावर नुसता हिशेब.

मागच्या एक्सलवर सहा टन धरू. जोडचाकं असतील तर चार टायर, प्रत्येकावर दीड टन. एकेरी असतील तर दोन टायर, प्रत्येकावर तीन टन. दोन्हीकडे हवा पाच किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण सत्तर पौंड. टायर जमिनीवर जितका टेकतो तितक्या जागेवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब पडतो. साइडवॉल, म्हणजे टायरचे गाल, ताठ असल्याने थोडा फरक पडतो, तो सध्या सोडून देऊ. जोडचाकाचा प्रत्येक टायर तीनशे चौरस सेंटिमीटर टेकणार, चौघांचे मिळून बाराशे. एकेरीचा प्रत्येक सहाशे, दोघांचे मिळून बाराशे.

चौघांनी पुन्हा गुणाकार केला. आकडा तोच. टायर चार असोत की दोन, हवा तीच असेल तर टेकणारी जागा तेवढीच. "मग चार टायर घालून मिळालं काय?" चिकलठाणेकर म्हणाला.

मिळाली ती वजन पेलायची ताकद. जमिनीने गाडी पेलण्याशी तिचा संबंध नाही. आता एकेरी मोठ्या टायरची हवा दोन किलोवर आणा, म्हणजे तीसेक पौंडाच्या आत. टेकणारी जागा तीन हजार झाली. जोडचाकातही हवा कमी करता येईल की, हा प्रश्न येणारच होता. करता येते, पण हवा उतरली की दोन्ही टायर खालच्या बाजूला फुगतात आणि एकमेकांना गाल घासायला लागतात. चालत्या गाडीत त्या घासण्याने साइडवॉल तापते आणि फाटते. मधली फट जितकी, तितकीच हवा उतरवायची मुभा.

आणखी एक गोष्ट आहे. हवा कमी झाल्यावर टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो. बर्फ तोडावा लागतो तो रुंदीभर. लांबी वाढली तर तोडायचा बर्फ जवळजवळ तेवढाच राहतो आणि पकड मात्र वाढते.

१४ ऑगस्ट

कॉलेजच्या मागच्या फाटकाजवळ बस रुतली. रात्रभर पाऊस होता, काळी माती फुगून लोण्यासारखी झालेली. पोरांना बोलावून घेतलं, म्हटलं बघा, फुकटची प्रयोगशाळा.

पुढच्या चाकाने पाडलेली चाकोरी स्वच्छ दिसत होती. मागचं जोडचाक त्या चाकोरीत बसलेलंच नव्हतं. चाकोरी आली होती दोन टायरांच्या मधल्या फटीखाली, किंचित बाहेरच्या टायरकडे सरकून. म्हणजे आतलं टायर चाकोरीच्या आतल्या काठावर आणि बाहेरचं बाहेरच्या काठावर. दोघंही नवी माती तुडवत होते, आणि पुढच्या चाकाने आधी केलेली मेहनत फटीखाली वाया. फटीत माती इतकी ठासून बसलेली की दोन टायरांचा एकच रूळ झालेला. काका टॉमीने खरवडून काढत होते, त्यात एक काळा दगड अडकलेला निघाला. तो हातात धरून म्हणाले, "हा असाच रस्त्यावर गेला असता तर आतलं टायर खाऊन टाकलं असतं."

बर्फातही असंच होतं का, विचारलं.

"बर्फ अंगाला चिकटत नाही सर इतका. पण फटीत जातो अन् दबून दगडासारखा होतो. अन् चाकोरीचं म्हणाल तर तिकडं अवघड काम. दिवसा वितळतंय, रात्री गोठतंय. पुढच्या गाडीची चाकोरी सकाळी लोखंडासारखी झालेली असती. त्यात आपलं चाक बसलं तर ठीक, नाही तर गाडी दोन्ही काठांवर नाचत जाती."

बाहेरचं टायर काढून टाकलं तर, असं परळीकराने विचारलं. काकांनी हात झटकले. "अर्ध्या टायरावर पूर्ण माल घेऊन घाटात जाणार का तू?" आणि मलाही यात एक खोट दिसते. जोडचाकाच्या डिस्कला खोलगट वळण असतं. बाहेरचं काढलं तर उरलेलं आतलं चाक पुढच्या चाकोरीच्या आतून चालतं, आतलं काढलं तर उरलेलं बाहेर लोंबतं आणि बेअरिंगवर भार येतो. एकेरी करायचं तर टायरचा मध्य पुढच्या चाकाच्या रेषेत येईल अशी डिस्क हवी.

काळी माती आणि बर्फ यांची तुलना इथेच थांबवायची, असं पोरांना बजावलं. माती दाबली की बाजूला सरकते, आकारमान फारसं घटत नाही. ताजा बर्फ दाबला की तो बसतो. घनमीटरला पन्नास ते शंभर किलोचा ताजा बर्फ चाकाखाली दबून कित्येक पट घट्ट होतो. चाकाची शक्ती खर्च होते ती या दाबण्यात. एकदा दाबलेल्या जागेवरून मागचं चाक गेलं तर ते जवळपास फुकटात जातं. सगळा मुद्दा इथे आहे, आणि बसखालच्या चाकोरीत तो अर्धाच दिसला.

३० ऑगस्ट

टायर मिळाले! मापं जुळवायची चिंता होती. खऱ्या ट्रकात ११.०० ची जोडी विरुद्ध १४.०० चा एकटा, दोन्ही वीस इंची रिमवर. चिकलठाणेकर भंगार बाजारातून स्कूटरचे ३.५०-१० आणि मालवाहू तीनचाकीचे ४.५०-१० घेऊन आला. अकराला चौदाने भागा आणि साडेतीनला साडेचाराने भागा, उत्तर जवळपास तेच. रिम दोन्हीकडे दहा इंची. वाळूजच्या तीनचाकी कारखान्याची कृपा म्हणायची, इथल्या बाजारात या मापाचे टायर ढिगाने मिळतात. स्कूटरच्या दोन डिस्क पाठीला पाठ लावून जोडचाक तयार करायला वेल्डरने तासाभराचंही काम घेतलं नाही. पैसे मात्र दिवसभराचे घेतले.

१९ सप्टेंबर

हौद तयार. पत्र्याचा, लांबट, आतून लाकडी फळ्या. वर रूळ, रुळावर गाडा, गाड्याला आधी पुढचं चाक आणि मागे बदलता येणारं मागचं चाक. ओढायला छोटी विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, आणि मध्ये ओढ मोजणारा लोड सेल. मागच्या चाकाची ओढ वेगळी मोजता यावी म्हणून दोन्ही चाकांच्या चौकटी सुट्या ठेवल्या. गणपतीच्या सुट्ट्यांत निम्मं काम रखडलं.

१० ऑक्टोबर

बर्फाचा प्रश्न. कारखान्यातली लादी क्रशरमधून काढली तर खडे मिळतात, ते चालणार नाही. गोळेवाल्याच्या यंत्रातून खिसलेला बर्फ हलका, पापुद्र्यांचा येतो. पण उघड्यावर पाच मिनिटांत त्याचं पाणी होऊ लागतं आणि ओला बर्फ पूर्ण वेगळाच वागतो.

आइस्क्रीमच्या एका वितरकाकडे उणे अठरा अंशांची खोली आहे. दिवाळीनंतर मागणी घटते, खोली अर्धी रिकामी असते, तेव्हा रात्री वापरा म्हणाले. अट एकच, कप मोजून ठेवलेत.

खिसलेल्या बर्फाची बादली वजन करून पाहिली. ताज्या हिमापेक्षा कितीतरी पट जड भरली. अहवालात स्पष्ट लिहायचं की आपण ताजं हिम तपासत नाही, दाणेदार जुना बर्फ तपासतोय. परीक्षकाने विचारण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

१७ नोव्हेंबर

खोलीत पहिली रात्र. स्वेटर, मफलर, दोन जोड मोजे, आणि तरी लोड सेलचे आकडे लिहिताना पेन धरवत नव्हता. जेलपेनची शाईच उतरेना, शेवटी पेन्सिल.

चाळणीतून बर्फ पाडून हौद भरला, फळीने सपाट केला. आधी पुढचं चाक नेलं, चाकोरी पडली. मागे एकेरी, पूर्ण हवा. ते चाकोरीतून गेलं आणि ओढीचा आकडा पुढच्या चाकाच्या आकड्यापेक्षा स्पष्टपणे खाली आला. बर्फ उकरून, पुन्हा चाळून, आता जोडचाक. आकडा पुढच्या चाकाच्याही वर गेला. पोरं ओरडली, आवाज बाहेर वॉचमनपर्यंत गेला.

मग परळीकराने टॉर्च लावून चाकोरीचा काप पाहिला. एकेरीची चाकोरी एका नाल्यासारखी, तळ चकचकीत. जोडचाकाच्या दोन चाकोऱ्या, मध्ये बर्फाची उभी पातळ भिंत, आणि ती भिंत फटीत घासून वरच्या बाजूला कठीण झालेली. ही भिंत घासण्यातही ओढ खर्च होते, हे आम्ही कागदावर धरलंच नव्हतं.

२३ नोव्हेंबर

कालचा चाळलेला हौद तसाच ठेवला होता. आज तोच प्रयोग त्याच हौदावर, आणि चाक रुतेचना. रात्रभरात दाणे एकमेकांना चिकटून वरचा थर पाव-बिस्किटाइतका कडक झालेला. जोडचाक आणि एकेरी यांत फरक उरलाच नाही म्हटलं तरी चालेल.

काकांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "म्हणून तर कॉन्व्हॉय पहाटे सोडत्यात. ऊन चढायच्या आत खिंड ओलांडायची."

आता प्रत्येक नोंदीत बर्फ चाळल्यापासून गेलेला वेळ लिहायचा. टायरपेक्षा बर्फाचं वय जास्त फरक पाडतं, असं एक वाक्य जालन्याच्या मुलीने वहीत लिहून ठेवलंय. अहवालात ते तसंच जाऊ द्यायचं.

६ डिसेंबर

एकेरी टायरची हवा टप्प्याटप्प्याने उतरवली. चाकोरी उथळ होत गेली, ओढ कमी होत गेली, आणि एका टप्प्यानंतर ओढ पुन्हा वाढू लागली, कारण टायर स्वतःच इतका दबला की त्याला मळण्यातच शक्ती जाऊ लागली. जोडचाकात तो टप्पा यायच्या आधीच दोन टायर एकमेकांना टेकले. खडूने गालावर रेघ मारली होती, ती पुसली गेलेली दिसली.

२० डिसेंबर

साखळ्या, बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या. लोहाराकडून छोट्या मापाच्या करून घेतल्या. जोडचाकात फक्त बाहेरच्या टायरला साखळी लावली तर भार निम्माच साखळीवर येतो, आतलं टायर नुसतं घसरतं. दोन्हींना घेणारी साखळी असते, पण वजन दुप्पट आणि चढवायची कटकट चौपट. काका म्हणाले, उणे वीसमध्ये हातमोजे काढून आतल्या टायरची साखळी ज्याने अडकवली त्यालाच विचारा एकेरी चाक का पाहिजे. आजच्या नोंदीत मला एवढंच पुरेसं वाटतं, लोड सेलचे आकडेही तेच बोलतात.

९ जानेवारी

पाणी ओतून गोठवलेला ठोस थर. इथे जोडचाकाची बाजू घेतली पाहिजे. रुतायचं काही नसतं, तोडायचं काही नसतं, एकेरी रुंद टायरचा कसलाच फायदा दिसत नाही. साफ केलेल्या, दाबलेल्या रस्त्यावर पूर्ण माल घेऊन जायचं तर जोडचाक बिनदिक्कत चालतं, आणि पंक्चर झालं तरी गाडी वाटेत आडवी होत नाही. खोलीचं दार उघडं ठेवून थर शून्याच्या जवळ आणला तेव्हा मात्र सगळेच घसरले. कडक थंडीतल्या बर्फापेक्षा वितळायला आलेला बर्फ जास्त घसरडा, कारण वर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो.

लष्करी टायरची नक्षी हा स्वतंत्र विषय आहे. दोन्ही दिशांना सारखी, जाड ठोकळ्यांची जुनी लष्करी नक्षी दिसायला दणकट, पण तिच्या खाचा बर्फाने भरल्या की आपोआप रिकाम्या होत नाहीत. आमच्या स्कूटरच्या टायरांवर ते तपासता येणार नाही. पुढच्या बॅचने घ्यावं.

३१ जानेवारी

अहवालाचा मसुदा वाचला. शिफारशींचं प्रकरण गटातल्या एका मुलीने चांगलं लिहिलंय, पण तिने एकेरीला सरसकट विजयी घोषित केलं होतं. कापलं. आता असं आहे: सर्व चाकांना जोर असलेला ट्रक, न साफ केलेला खोल बर्फ, तर मागे एकेरी रुंद टायर, पुढच्याच चाकोरीतून चालणारे, आणि चालकाला हवा बदलण्याची सोय. यातलं चाकोरीचं कलम गाळलं तर बाकीच्यांना अर्थ उरत नाही. रस्ता साफ ठेवणारी यंत्रणा असेल आणि टनामागचा खर्च पाहायचा असेल, तर जोडचाक. हातात जोडचाकाचा ट्रक असेल आणि पुढे खोल बर्फ असेल, तर टायर काढायच्या भानगडीत न पडता माल उतरवा आणि दोन्ही टायरांना धरणारी साखळी लावा.

१२ फेब्रुवारी

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हौदाकडे पाहिलं, चाळणी उचलून पाहिली आणि विचारलं, "याचा मराठवाड्याला काय उपयोग?" अंबाजोगाईच्या मुलीने उसाच्या फडातून निघणाऱ्या दहा टायरी ट्रकचं उदाहरण दिलं: पाऊस झालेल्या रानातून भरलेला ट्रक काढायला ट्रॅक्टर का लावावा लागतो, आणि हवा उतरवता आली असती तर काय झालं असतं. परीक्षक पुढे झुकले. त्यांची स्वतःची शेती निघाली, लातूरकडची. पुढचा सगळा वेळ बर्फ बाजूला राहिला आणि उसाच्या ट्रकच्या मागच्या चाकांवर चर्चा चालली.

हौद पुढच्या बॅचसाठी ठेवला आहे. जूनमध्ये त्यात खिसलेल्या बर्फाऐवजी काळी माती भरायची, पाण्याचं प्रमाण मोजून. वितरकाची चाळणी परत द्यायची राहिली आहे, परळीकराकडे आहे.